बुजवलेली बिळं

बांधाच्या तोंडाशी आता एक फलक उभा आहे. ‘कार्बन संरक्षित क्षेत्र. शिंपले काढण्यास मनाई.’ खाली हिरव्या पानाचं चित्र. तो बांध नऊ वर्षांपूर्वी आम्ही सतरा बायकांनी फावड्यांनी फोडला होता. आणि फलक रोवायला आलेल्या माणसांना पाणी मीच पाजलं, कारण तेव्हा त्यावर कापड गुंडाळलेलं होतं.

माझं नाव देइफिलिया, पण देई म्हटलं की गावात कुणीही घर दाखवेल. आमचं गाव एस्मेराल्दासच्या किनाऱ्यावर, खाडी समुद्राला मिळते तिथे. बायका शिंपले काढतात. ओहोटी लागली की होडी घ्यायची, कांदळवनात उतरायचं, मुळांमधून गुडघाभर चिखलात वाकत जायचं आणि बिळात कोपरापर्यंत हात घालून काळा शिंपला बाहेर काढायचा. डासांसाठी नारळाच्या सोडणाची धुरी कमरेशी टांगलेली. कधी बिळात शिंपल्याऐवजी काटेवाला मासा असतो. तो टोचला की बाई दोन दिवस तापाने फणफणते आणि तिसऱ्या दिवशी परत चिखलात जाते. माझी आई हेच करत होती, मी हेच करते.

मी लहान असताना कोळंबीवाले आले. त्यांनी वन तोडलं, बांध घातले, तळी केली. बारा-पंधरा वर्षांनी कोळंबीला रोग लागला तेव्हा मालक पंप आणि पत्रे उचलून निघून गेला. मागे राहिलं कुबट पाण्याचं डबकं आणि भेगाळलेला पिवळा चिखल. त्यात डास सोडून काही जगत नव्हतं. कचेरीत अर्ज केले. कचेरीने सांगितलं, जमीन कुणाची ते आधी ठरू द्या. ते अजून ठरतंय.

मग एक दिवस ऑर्फा म्हणाली, “पाण्याला आत यायला कुणाची सही लागते गं?” ऑर्फा माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, विधवा, तोंडाने फाटकी. आम्ही बांध फोडला. भरती आत शिरली. खारफुटीच्या लांब शेंगा होड्या भरभरून आणल्या आणि ओळीने रोवल्या. पहिल्या वर्षी निम्म्या मेल्या. परत रोवल्या. खेकड्यांनी खाल्ल्या. परत रोवल्या. चौथ्या वर्षी ऑर्फाला तिथे पहिला शिंपला सापडला. तिने तो हातात घेतला, चिखलाच्याच हाताने डोळे पुसले, आणि तो पुन्हा बिळात ठेवून दिला.

रेनान सहाव्या वर्षी आला. डॉक्टर रेनान वियाक्रेस, राजधानीच्या विद्यापीठातला, डोंगरातला माणूस. उतरला तोच कमरेपर्यंत रुतला. एक बूट अजून आत कुठेतरी आहे.

“ह्याला आधी चालायला शिकव,” ऑर्फा मला म्हणाली, “मग मोजू दे काय मोजायचं ते.”

मी शिकवलं. पाय कुठे टाकायचा, मूळ कोणतं भार घेतं, पाणी कधी फिरतं. त्याने मला त्याचं काम शिकवलं. झाड हवेतला कार्बन खातं. पान गळतं, मूळ मरतं, चिखलात गाडलं जातं. खाली हवा नसते, म्हणून ते कुजत नाही, तसंच पडून राहतं, माणसाच्या चार-पाच पिढ्या जातील तेवढं. तळं केलं की तोच चिखल उघडा पडतो आणि सगळं परत हवेत जातं. भरती पुन्हा आत घेतली तर चिखल किती वर्षांत किती परत साठवतो, हे त्याला शोधायचं होतं. आम्ही केलेल्या कामाला कुणीतरी मोजण्यालायक समजलं, ह्याचंच मला केवढं अप्रूप.

मी लिहायला वाचायला शिकले ती कोळंबीच्या खाद्याच्या गोण्यांवरची अक्षरं बघून. रेनानने मला आकड्यांचे कागद दिले आणि कधी हसला नाही. आम्ही दोघांनी मिळून चिखलावर ताटाएवढे बारा चौकोन पांढऱ्या पुडीचे टाकले. दर वर्षी पुडीवर किती गाळ बसला ते त्यात नळी घालून बघायचं. खुणेसाठी चौकोनाच्या कोपऱ्यांत प्लास्टिकच्या पांढऱ्या नळ्या रोवल्या. आणि एक पेटी होती, काचेसारखी. ती चिखलावर उपडी ठेवायची, तिची नळी यंत्राला जोडायची, की चिखल श्वासातून किती कार्बन सोडतो त्याचा आकडा यंत्रावर चढत जायचा. आकडा तो सांगायचा, लिहायची मी. कागद भरले की त्याच्याकडे. एकही मी मागे ठेवला नाही. कोम्पाद्रेकडे पावती कोण मागतं?

हो, कोम्पाद्रे. आल्याच्या पहिल्याच वर्षी माझ्या नातीच्या, यामिलेथच्या बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता म्हणून तिला हातांत धरून तो उभा राहिला. पाद्री होडीने वर्षातून दोनदा येतो, त्या दिवशी रेनान मुद्दाम राजधानीहून आला, पांढरा सदरा घालून. त्या पाण्यानंतर तो माझा कोम्पाद्रे आणि मी त्याची कोमाद्रे. सख्ख्या भावाशी आमच्यात भांडण होतं, कोर्टकचेरी होते. कोम्पाद्रेशी होत नाही. त्याच्यासमोर खोटं बोलत नाहीत आणि त्याला उपाशी जाऊ देत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितेय ती.

शिंपला काढल्यावर बीळ बुजवायचं, ही आमच्यातली रीत आहे. हात बाहेर काढला की टाच तिथेच दाबायची, वरून चिखल ओढायचा. उघडं राहिलं तर आत ऊन शिरतं, चिखल फाटतो, बाजूची पिल्लं मरतात. पोरींना शिकवताना आधी हे शिकवतात, शिंपला नंतर. कुणी विसरली तर मागून येणारी तिच्या पाठीत चिखलाचा गोळा मारते.

बिळांच्या मोजणीच्या पहिल्या महिन्यात रेनानने बुजवलेल्या बिळांवर पेटी ठेवली. बारा बिळं. मी लिहिले ते बाराही आकडे मला आठवतात, कारण ते इतके लहान होते की मला वाटलं यंत्र बिघडलं. न खणलेल्या चिखलावर जेवढा आकडा, जवळजवळ तेवढाच. रेनानने आकडे पुन्हा वाचून घेतले. मग म्हणाला, “कोमाद्रे, यंत्राला काही कळतच नाहीये. बायकांना सांगाल का, माझ्या चौकोनांभोवती बिळं उघडी ठेवा म्हणून? मोजून झालं की बुजवू.”

मी सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

ऑर्फा म्हणाली, “का बरं उघडी?”

“अभ्यासासाठी.”

“अभ्यास बुजवलेल्याचा कर म्हणावं. आम्ही बुजवतो ना?”

“अगं, यंत्राला कळत नाही.”

“मग यंत्राला टाच लाव.” सगळ्या हसल्या. पण मी आग्रह धरला. म्हटलं, माझ्या कोम्पाद्रेचं काम आहे, आपल्या घरातलं काम. तेव्हा त्यांनी ऐकलं. दीड वर्ष त्याच्या चौकोनांभोवती बिळं उघडी राहिली, प्रत्येक बिळापाशी लाल झेंडी. आकडे भराभर चढायचे आणि मी खूश होऊन लिहायचे. यंत्राला आता कळतंय, असं मला वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात अहवाल आला. बाहेरच्या देशातली एक कंपनी आमच्या वनातला कार्बन विकत घेणार, म्हणजे तिच्या धुराच्या बदल्यात आमचा चिखल दाखवणार, असं कळलं होतं. गावाला शाळेचं छप्पर मिळणार, दवाखान्याची होडी मिळणार. सगळे आनंदात. अहवाल चकचकीत कागदावर होता. मी तो तीन दिवस वाचला, एकेक ओळ बोट ठेवून.

एकविसाव्या पानावर फोटो होता. उघडं बीळ, लाल झेंडी आणि कडेला माझा हात. अंगठ्याच्या नखावरचा काळा डाग माझाच आहे. खाली लिहिलं होतं: ‘शिंपले काढल्यानंतर बिळे उघडी राहतात. त्यातून साठलेला कार्बन हवेत जातो. पुनर्स्थापित कांदळवनाला सर्वांत मोठा धोका स्थानिक शिंपलेवेचकांचा आहे.’ पुढच्या पानावर शिफारस: पंचवीस वर्षं प्रवेशबंदी.

बांध फोडणाऱ्या, शेंगा रोवणाऱ्या बायकांचा उल्लेख शोधला. ‘नैसर्गिक पुनरुज्जीवन’ असं लिहिलं होतं. निसर्ग म्हणजे आम्ही असू बहुतेक.

आठवड्याने फलकावरचं कापड निघालं. दोन रखवालदार नेमले. खाडीच्या वरच्या अंगाला जुनं वन आहे, पण त्यावर जगणारी गावं तीन आणि शिंपले मोजके. आमच्या चुली पेटतात त्या ह्या तळ्याच्या चिखलावर.

ऑर्फा माझ्या दारात आली. आत आली नाही.

“तुझ्या कोम्पाद्रेचं घरातलं काम झालं का पूर्ण?” तिने विचारलं.

“ऑर्फा, मला माहीत नव्हतं गं.”

“तुला माहीत नव्हतं. चिखलाला माहीत होतं. माझ्या टाचेला माहीत होतं. मी नको म्हटलं होतं ना?”

“म्हटलं होतंस.”

“मग आता तूच जा आणि त्याला सांग. माझं तोंड तुला ठाऊक आहे. मी गेले तर त्याला आईबापासकट काढीन.”

मला जावं लागलं नाही, तोच आला. कंपनीची तपासणी चार दिवसांवर होती आणि त्याला माझी गरज होती. हातात पुठ्ठ्याचा खोका, त्यात यामिलेथसाठी पांढरे बूट. मी मासा नारळाच्या रसात शिजवला होता, हिरवी केळी भाजली होती. वाढलं. उपाशी ठेवता येत नाही.

तो दोन घास खाईपर्यंत मी थांबले. मग विचारलं, “कोम्पाद्रे, पहिल्या महिन्यातली बारा बिळं कुठल्या पानावर आहेत?”

“कुठली बारा?”

“बुजवलेली.”

त्याने काटा बाजूला काढायचं निमित्त केलं. “ती... ती वापरली नाहीत. फरक सिद्ध होत नव्हता.”

“म्हणजे काही निघत नव्हतं.”

“तसं शास्त्रात म्हणत नाहीत, कोमाद्रे.”

“तुमच्या शास्त्रात काय म्हणतात ते तुम्ही ठरवा. मी आकडे लिहिलेत. आम्ही बुजवलं की चिखल गप्प राहतो, हे तुम्हाला पहिल्या महिन्यात कळलं होतं. हो की नाही?”

बाहेर यामिलेथ कोंबडीच्या मागे धावत होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, “हो.”

“मग?”

“मग काय सांगू? मला तीन वर्षं पैसे देणारे तेच होते. तुम्हाला वाटतं ते वाढलेल्या वनाचे पैसे देतात? ते वाचवलेल्या वनाचे देतात. कागदावर कुणीतरी ते नष्ट करत असलं पाहिजे. कोळंबीवाला तर निघून गेला होता. धोका दाखवल्याशिवाय करार होत नव्हता. करार झाला नसता तर तुमच्या शाळेवर छप्पर...”

“म्हणून धोका आम्ही.”

“मी लिहिलं होतं ‘संभाव्य’. त्यांनी तो शब्द काढला.”

“आणि फोटोतला हात? तोही त्यांनीच काढला?”

त्याचे डोळे भरले. खरंच भरले, मी खोटं सांगत नाही. मला ते बघून कीव यायला हवी होती. ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं, पण माझ्याच ताटात जेवून माझ्याच समोर रडणाऱ्याचं मी काय करू?

“चार दिवसांनी तपासनीस बाई येतील,” मी म्हटलं. “त्यांच्यासमोर एवढंच सांगा. बुजवलेली बिळं मोजली होती आणि त्यांतून काही निघालं नव्हतं. एवढं एकच वाक्य. बाकीचं तुमचं तुम्ही सांभाळा.”

“बघतो, कोमाद्रे.”

“बघू नका. सांगा.”

“सांगीन.” त्याने माझा हात हातात घेतला. “यामिलेथची शपथ.”

लेकराची शपथ मी त्याच्याकडे मागितली नव्हती.

तपासणीच्या दिवशी ओहोटी दहाला होती. तपासनीस बाई चिलीहून आलेली, उन्हाने लाल झालेली, चालायला मात्र चपळ. तिच्याबरोबर कंपनीचा एक माणूस, रेनान, दोन रखवालदार. आम्ही सतरा जणी बांधावर उभ्या होतो. रखवालदार म्हणाला, आत यायचं नाही. बाई म्हणाली, येऊ द्या त्यांना. तेवढ्यावरून मला आशा वाटली.

आत गेल्यावर मी तिला म्हटलं, “सिन्योरा, एक मिनिट द्या.” वाकले, एक बीळ शोधलं, हात घातला, शिंपला काढून तिला दाखवला. छोटा होता, परत सोडला. मग टाचेने बीळ बुजवलं. “आम्ही हे असं करतो. आमच्या आयाही असंच करायच्या. अहवालात बिळं उघडी आहेत ती ह्यांनी उघडी ठेवायला सांगितली म्हणून. ह्याच्यावर पेटी ठेवा आणि बघा.”

बाईने बुजवलेल्या जागेकडे पाहिलं. “पेटी मी आणलेली नाही,” ती म्हणाली. “माझं काम कागद तपासायचं आहे. मोजमाप पुन्हा करायचं नाही.” पण ती मठ्ठ नव्हती. ती रेनानकडे वळली. “डॉक्टर, बुजवलेल्या बिळांची मापं तुम्ही कधी घेतली होती का?”

मुळांमधून पाणी ओसरल्याचा आवाज येत होता. ऑर्फाने माझं मनगट धरलं. मी रेनानच्या तोंडाकडे बघत होते आणि मला खरंच वाटत होतं की हा आता सांगेल. तीन वर्षं माझ्या मागे पावलावर पाऊल ठेवून चाललेला माणूस. त्याने कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे.

“नाही,” तो म्हणाला. “अशी मापं घेतलेली नाहीत. कोमाद्रेंनी खूप मदत केली, पण तांत्रिक बाबतीत त्यांचा थोडा गोंधळ होतो.”

ऑर्फाने त्याच्या आईचं नाव घेऊन जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. यामिलेथच्या डोक्यावर पाणी पडताना त्याने तिची मान कशी सांभाळून धरली होती, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि जाईना.

बाईने कागदावर काहीतरी लिहिलं. मग पान उलटलं. “बरं. आता तिसऱ्या वर्षाचा गाळ. पांढऱ्या पुडीचे बारा चौकोन. हे आज माझ्यासमोर काढावे लागतील. ह्यांच्याशिवाय मला करारावर शिक्का देता येणार नाही. कुठे आहेत?”

रेनानने इकडे तिकडे पाहिलं. नळ्या नव्हत्या. एकही नव्हती.

“इथे पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या,” तो म्हणाला.

मोठा रखवालदार छाती काढून पुढे आला. “त्या आम्ही उपटल्या, डॉक्टर. साहेबांनी सांगितलं होतं ना, तपासणीआधी सगळा प्लास्टिकचा कचरा साफ करा म्हणून? ट्रकभर निघाला.”

कंपनीच्या माणसाचं तोंड आंबलेल्या दुधासारखं झालं. रेनानने खिशातून जागा दाखवणारं यंत्र काढलं. पानांखाली ते दहा-बारा पावलं इकडे तिकडे चुकतं, आणि चौकोन ताटाएवढा, त्यावर तीन वर्षांचा गाळ. त्याने एका ठिकाणी नळी घातली, काळाच चिखल आला. दुसऱ्या ठिकाणी घातली, काळाच. तिसऱ्या ठिकाणी तो रुतला आणि त्याला बाहेर ओढायला कुणी पुढे झालं नाही. तो स्वतःच मूळ धरून उठला, गळ्यापर्यंत चिखल. तीन वर्षांपूर्वी मी खळखळून हसले असते.

“माझ्या कोमाद्रेला सगळे चौकोन पाठ आहेत,” तो धापा टाकत बाईला म्हणाला. “तिला नळ्या लागतच नाहीत. ती डोळे मिटून दाखवील.” मग माझ्याकडे बघून, आवाज खाली आणून, “कोमाद्रे, दाखवा ना. शाळेचं छप्पर जाईल. तुम्हीच राबलात ह्याच्यासाठी.”

खरं होतं. पाठ होते. एक नंबर दोन जुळ्या मुळांच्या बेचक्यात. चार नंबर ऑर्फाने पहिला शिंपला परत ठेवला त्याच्या पलीकडे तीन हात. नऊ नंबर जिथे त्याचा बूट गेला तिथे. त्या पुडीवर बसलेला गाळ हे आमच्या सगळ्या कामाचं मोजमाप होतं. बाहेर काढला असता तर साऱ्या जगाला दिसलं असतं की सतरा बायकांनी मेलेल्या तळ्याला श्वास घ्यायला कसं शिकवलं. मला ते बघायची केवढी ओढ होती, हे रेनानइतकं कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर तो विचारत होता.

बाईने पेन उघडं धरलं होतं. “सिन्योरा, तुम्हाला आठवतात का जागा?”

त्या चिखलात मी आजवर एक खोटा आकडा लिहिला नव्हता.

“नाही, सिन्योरा,” मी म्हटलं. “डॉक्टर म्हणाले ते बरोबर आहे. माझा गोंधळ होतो.”

रेनानने मान वर केली. मी त्याला डॉक्टर म्हटल्याचं त्याला आधी कळलं, बाकीचं नंतर. त्याने तोंड उघडलं. खाली माझ्या पायांकडे पाहिलं. मग मिटलं.

भरती लागली होती. बाई, कंपनीचा माणूस, रखवालदार घाईने बांधाकडे निघाले. रेनान सगळ्यांच्या मागून गेला, पाय चुकीच्या जागी टाकत. बायका टोपल्या उचलून मुळांमध्ये पसरल्या. रखवालदाराने बांधावरून शिटी वाजवली. कुणी वर पाहिलं नाही.

मी मात्र पाणी घोट्यापर्यंत येईतो तिथून हलले नाही. माझी टाच सात नंबरच्या पुडीवर होती.